नगरीचा जागल्या : डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस

बंगळूर शहराच्या उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटरवर देवनहळ्ळी हे गाव आहे. टिपू सुलतानाचे जन्मस्थान, एक जुना किल्ला आणि पपनसाच्या बागा यांसाठी ते पूर्वीपासून प्रसिद्ध होते. मे २००८ मध्ये या गावाजवळ बंगळूरचा आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि देवनहळ्ळीचे नाव जगाच्या प्रवासमार्गावर आले. २०२० सालच्या आरंभी कोरोनाची साथ पसरू लागली, तेव्हा परदेशातून येथे उतरणाऱ्या प्रवाशांची तपासणी होऊ लागली. त्या एका तपासणीत किती निरनिराळ्या सत्तांचा संबंध येत होता, हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. विमानतळाची व्यवस्था एका संस्थेकडे, तेथील आरोग्य तपासणी केंद्र सरकारकडे, सरकारी रुग्णालये राज्याकडे, आसपासचा प्रदेश बंगळूर ग्रामीण जिल्ह्याकडे, आणि प्रवासी ज्या घरी जाणार ते घर बहुधा बंगळूरच्या महानगरपालिकेच्या हद्दीत! रोगाला या हद्दी ठाऊक नव्हत्या. अधिकाऱ्यांना मात्र त्या ओलांडून एकमेकांच्या हातात हात द्यावा लागला.

हा प्रश्न नवा नाही. ऑगस्ट १८९८ मध्ये हुबळीकडून आगगाडीने आलेल्या प्रवाशाबरोबर प्लेगने बंगळुरात पाऊल टाकले. हुबळी त्या काळी मुंबई इलाख्यात होती, आणि इलाख्यातील साथीचा माग काढीत गेले तर आपण मुंबईच्या मांडवी भागातील गोदामांपाशी व चाळींपाशी येऊन पोहोचतो. तेथे सप्टेंबर १८९६ मध्ये एका ख्रिस्ती डॉक्टराने या रोगाला प्रथम ओळखले आणि त्याचे खरे नाव उघडपणे उच्चारले. ते डॉक्टर म्हणजे अकासिओ गाब्रिएल व्हिएगस. मुंबईतील एक रस्ता त्यांच्या नावाने ओळखला जातो आणि धोबीतलावावर त्यांचा पुतळा उभा आहे. तरीही आपल्या समाजातील तरुण पिढीला त्यांच्याविषयी फारच थोडी माहिती आहे. ती उणीव काही अंशी भरून काढावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बार्देशातून मुंबईस

अकासिओ व्हिएगस यांचा जन्म १ एप्रिल १८५६ रोजी गोव्यातील बार्देश तालुक्यात हडफडे या गावी झाला. गोव्यावर त्या वेळी पोर्तुगिजांचे राज्य होते. शिक्षणासाठी आणि पोटापाण्यासाठी गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांतील मुले मुंबईची वाट धरीत. धोबीतलाव, कावेल, माझगाव या भागांत गोमंतकीयांची वस्ती होती. एकेका गावच्या मंडळींनी आपापल्या कूडी स्थापन केल्या होत्या. नव्याने आलेल्या मुलाला निदान पथारीपुरती जागा आणि आपल्या भाषेतले दोन शब्द तेथे मिळत.

व्हिएगस यांनी मुंबईतील सेंट झेवियर शाळेत शिक्षण घेतले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८८० साली वैद्यकाची पदवी उत्तम गुणांनी संपादन केली. अशा पदवीधरापुढे सरकारी नोकरीचा सुरक्षित मार्ग मोकळा होता. त्यांनी खासगी व्यवसाय पत्करला आणि मांडवी भागात ते रोग्यांची सेवा करू लागले. हा भाग बंदरालगतचा. धान्याची प्रचंड गोदामे, त्यांच्यावर व त्यांच्या आजूबाजूस राहणारी माणसे, अरुंद गल्ल्या, तुंबलेली गटारे आणि दिवसाही दिवा लावावा लागेल अशा खोल्या, असे तेथील दृश्य असे. नगराचे आरोग्य कोठे बिघडते, हे व्हिएगस यांना कोणत्याही अहवालावरून शिकावे लागले नाही. रोज रोग्यांच्या घरचे जिने चढता उतरताना ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

नगरसेवेची दीक्षा

१८८८ हे वर्ष मुंबईच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. याच वर्षी मुंबई महानगरपालिकेचा नवा कायदा झाला आणि याच वर्षी व्हिएगस महापालिकेचे सभासद झाले. त्या कायद्याने महापालिकेच्या बहात्तर सभासदांपैकी छत्तीस करदात्यांनी निवडावयाचे होते. बाकीच्यांची निवड शहरातील न्यायाधिकारी मंडळ, विद्यापीठ, व्यापारी मंडळ आणि सरकार यांच्याकडे होती. निर्णय करणारी महापालिका, खर्चावर व कामकाजावर देखरेख ठेवणारी स्थायी समिती आणि प्रत्यक्ष कारभार चालविणारा आयुक्त, अशी सत्तेची वाटणी झाली होती. आयुक्ताची नेमणूक मात्र सरकार करीत असे.

या तिघांच्या बाहेरही शहरात आणखी सत्ता होत्या. गोदी व धक्के पोर्ट ट्रस्टच्या ताब्यात होते, आगगाड्या रेल्वे कंपन्यांच्या, तर बंदरावरील आरोग्य तपासणी व पोलीस सरकारच्या हाती होते. मांडवीतील एकाच गल्लीत धक्क्यावरून आलेले धान्य, महापालिकेचे गटार आणि खासगी मालकाची चाळ ही तिन्ही एकमेकांना लागून असत, परंतु त्या तिन्हींचा एकत्रित विचार करणारा कोणी नव्हता. १८९२ मध्ये तानसा तलावाचे पाणी मुंबईस आले. लोकांना भरपूर पाणी मिळाले, पण तेवढे सांडपाणी वाहून नेतील अशी गटारे जुन्या वस्त्यांत नव्हती. जमीन ओलसर झाली, घाण साचली. एका खात्याचे चांगले काम दुसऱ्या खात्याच्या दिरंगाईमुळे रोगाला कसे आमंत्रण देते, याचे हे ठळक उदाहरण होय.

सप्टेंबर १८९६

१८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मांडवीत एक विचित्र ताप दिसू लागला. रोग्याला जबरदस्त ताप भरे, जांघेत किंवा काखेत गाठ येई आणि थोड्याच दिवसांत तो दगावे. गोदामांतून उंदीरही मरून पडत होते. व्हिएगस यांनी आपल्या रोग्यांत ही लक्षणे पाहिली. दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये प्लेगने कहर केला होता आणि तेथे यर्सिन या शास्त्रज्ञाने त्याचे जंतू शोधून काढले होते. हाँगकाँगशी मुंबईचा समुद्रमार्गे मोठा व्यापार होता. व्हिएगस यांनी या गोष्टी एकत्र जोडल्या आणि हा गाठीचा प्लेग आहे असे निदान केले.

निदान करणे ही वैद्याची बुद्धी झाली. ते जाहीर करणे हे धैर्याचे काम होते. २३ सप्टेंबर १८९६ रोजी ही गोष्ट महापालिकेपुढे आली. प्लेग हा शब्द नुसता उच्चारला तरी परदेशांतील बंदरे मुंबईच्या जहाजांना अडवतील, गिरण्यांचा माल पडून राहील, मजूर पळतील आणि ज्या मांडवीत व्हिएगस यांचा व्यवसाय होता तेथील व्यापाऱ्यांचेच सर्वांत अधिक नुकसान होईल, हे उघड होते. पुढे तसेच झालेही. परदेशांनी मुंबईच्या जहाजांवर निर्बंध घातले आणि १८९७ मध्ये याच प्रश्नावर व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली. साहजिकच आरंभी अनेकांनी या निदानावर शंका घेतली. काहींनी घबराट पसरविल्याचा दोषही दिला. स्वतंत्र तज्ज्ञांकडून पडताळणी करण्यात आली, तेव्हा व्हिएगस यांचे म्हणणे खरे ठरले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारने जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांना कलकत्त्याहून बोलावून घेतले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. व्हिएगस केवळ डॉक्टर असते तर त्यांचे निदान त्यांच्या दवाखान्याच्या चार भिंतींत राहिले असते. ते केवळ नगरसेवक असते तर रोग्याच्या काखेतील गाठ त्यांना दिसली नसती. गरिबाच्या अंथरुणापाशी जाणारा मनुष्य नगराच्या सभेतही बसत होता, म्हणून गल्लीतील सत्य सभागृहापर्यंत पोहोचले.

सक्तीचे दिवस

सत्य कळले तरी उपाय कळत नव्हता. उंदरांच्या अंगावरील पिसवा माणसांना चावून हा रोग देतात, हे सिमोंद या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये दाखवून दिले. ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली. १८९६ मध्ये घाण आणि दूषित हवा हीच कारणे मानली जात. आयुक्त स्नो आणि आरोग्याधिकारी डॉ. वेअर यांनी समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक यांनी गटारे धुऊन काढली, घरांना चुना फासला, खोल्यांची छपरे उघडली. राहण्यास अयोग्य ठरविलेल्या घरांवर यू. एच. एच. ही इंग्रजी अक्षरे रंगविण्यात आली. परिश्रमात कसूर नव्हती. परंतु गटारांतून हुसकलेले उंदीर एका चाळीतून दुसऱ्या चाळीत गेले आणि त्यांच्याबरोबर रोगही गेला.

ऑक्टोबर १८९६ च्या आरंभी रोग्यांना सक्तीने इस्पितळात नेण्याचा हुकूम निघाला. लोकांच्या मनात इस्पितळाची भीती होतीच. तेथे गेलेला मनुष्य परत येत नाही, तेथे जातिधर्म बुडतो, स्त्रियांना परपुरुष हात लावतात, अशा वार्ता पसरल्या. २९ ऑक्टोबर रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड येथील साथीच्या इस्पितळावर हल्ला केला. महापालिकेला हुकूम सौम्य करावा लागला. लोक शहर सोडून पळू लागले. १८९१ च्या गणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सुमारे ८ लाख २२ हजार होती. १८९७ च्या आरंभी त्यातील जवळजवळ निम्मे लोक बाहेर पडले होते. बोटी आणि आगगाड्या भरभरून गेल्या, आणि त्यांच्यामागून प्लेग कोकणात, पुण्यास, गुजरातेत व पुढे दक्षिणेत गेला.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुढील महिन्यात महापालिकेच्या हातून प्लेगचे काम काढून जनरल गॅटॅकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे देण्यात आले. घराघरांच्या झडत्या वाढल्या. पुण्यात लष्करी शिपायांकरवी झालेल्या तपासण्यांचा शेवट २२ जून १८९७ रोजी रँड यांच्या खुनात झाला. आपल्या पंडिता रमाबाईंनीही त्याच वर्षी पुण्याच्या प्लेग इस्पितळात स्त्रियांच्या अब्रूची काळजी घेतली जात नाही, अशी जाहीर तक्रार केली होती. सरकारशी त्यांचे वैर नव्हते आणि रोगाच्या भयंकरपणाविषयीही त्यांना शंका नव्हती. ज्यांच्या कल्याणासाठी उपाय योजावयाचे त्यांचा मान राखला नाही तर उपायच निष्फळ होतो, हे त्यांनी ओळखले होते. मुंबईतही मार्च १८९८ मध्ये दंगल झाली. त्यानंतर मात्र सरकारचे धोरण हळूहळू बदलले. निरनिराळ्या समाजांना आपापली इस्पितळे उघडू देण्यात आली, पुढाऱ्यांचे साहाय्य घेण्यात आले आणि पुढे हे काम पुन्हा महापालिकेकडे आले.

लोकांचा विश्वास

या सर्व काळात व्हिएगस आपल्या ठिकाणी काम करीत राहिले. वस्त्यांची स्वच्छता, उंदरांचा नाश आणि रोग्यांची शुश्रूषा यांसाठी त्यांनी चळवळ केली. हाफकिन यांनी मुंबईत येऊन ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत प्रयोगशाळा मांडली आणि तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. लस सिद्ध झाली, पण ती टोचून घेण्यास लोक धजेनात. येथे ओळखीच्या डॉक्टरांचा उपयोग झाला. व्हिएगस यांनी स्वतःच्या हातांनी सुमारे १८ हजार लोकांना लस टोचली, अशी त्यांच्या चरित्रात नोंद आहे. जो डॉक्टर पंधरा वर्षे आपल्या मुलांचा ताप उतरवीत आला, त्याच्यापुढे माणसे दंड उघडा करीत. शिपायापुढे तीच माणसे दार लावून घेत.

इतर समाजांतूनही असे पुढारी निघाले. खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर लस टोचून घेतली. गिरणी कामगारांचे नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी रोग्यांसाठी इस्पितळ उभारले आणि त्या सेवेतच फेब्रुवारी १८९७ मध्ये त्यांना मरण आले. पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. मुंबईतील आपल्या ख्रिस्ती वस्त्यांत आजही गल्लीच्या तोंडाशी जे जुने क्रूस दिसतात, त्यांपैकी अनेक या प्लेगच्या काळात उभारलेले आहेत. रोज संध्याकाळी शेजारीपाजारी तेथे जमून प्रार्थना करीत. ती प्रार्थना आणि व्हिएगस यांची टोचणीची सुई ही दोन्ही एकाच विश्वासाची रूपे होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

विश्वास किती नाजूक असतो, याचा अनुभव पुढेही आला. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने मेली. दोष हाफकिन यांच्यावर ढकलण्यात आला. लसीची बाटली गावी उघडताना ती दूषित झाली होती, असे निष्पन्न होऊन त्यांची मुक्तता होण्यास १९०७ साल उजाडले. तोपर्यंत लोकांची लसीवरील श्रद्धा डळमळली होती.

घरांचा प्रश्न

रोग हटविण्यासाठी केवळ औषध पुरत नाही, हे प्लेगने सर्वांच्या गळी उतरविले. १८९८ मध्ये मुंबई नगर सुधारणा न्यास स्थापन झाला. त्याच्या मंडळात महापालिकेने निवडलेले सभासद होते. त्याचबरोबर पोर्ट ट्रस्ट, व्यापारी मंडळ आणि गिरणीमालक संघ यांचेही प्रतिनिधी होते. महापालिका आयुक्त व सरकारने नेमलेले सभासदही त्यात बसत. म्हणजे जे अधिकारी आतापर्यंत एकाच गल्लीकडे निरनिराळ्या खिडक्यांतून पाहत होते, ते प्रथमच एका टेबलाभोवती आले. प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते दाट वस्तीतून काढण्यात आले. समुद्राची हवा शहरात खेळावी हा त्यामागील हेतू होता. नागपाड्यातील कोंदट वस्ती पाडून नव्याने बांधली गेली. दादर, माटुंगा येथील मोकळ्या वसाहतींचा आरंभही याच न्यासाने केला.

या कार्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. न्यासाने जितकी घरे पाडली, त्या मानाने गरिबांसाठी नवी घरे वेळेवर बांधली नाहीत. उठविलेली कुटुंबे शेजारच्या चाळींत शिरली आणि तेथील दाटी अधिकच वाढली. न्यासाचा खर्च महापालिकेच्या तिजोरीवर पडत असे, सत्ता मात्र त्याच्याकडे वेगळी होती. यावरून दोघांत वारंवार खटके उडत. सहकार्याचा करार कागदावर झाला म्हणजे सहकार्य झाले असे नव्हे, हे मुंबईने त्या वर्षांत अनुभवले.

बंगळूरची कथा

आता पुन्हा दक्षिणेकडे वळू या. बंगळूर त्या काळी एक शहर असले तरी त्याचे दोन कारभार होते. जुनी पेठ म्हैसूर संस्थानच्या अमलाखाली, तर छावणीचा भाग ब्रिटिशांच्या अमलाखाली होता. दोन्हींच्या नगरपालिका १८६२ पासून स्वतंत्र होत्या. ऑगस्ट १८९८ मध्ये प्लेग आला तेव्हा पेठेतील रोगी छावणीत आणि छावणीतील रोगी पेठेत जाणारच होते. संस्थानने व्ही. पी. माधवराव यांना प्लेग आयुक्त नेमले. शहराबाहेर छावण्या उभारल्या, दाट वस्ती कमी करण्यासाठी बसवनगुडी आणि मल्लेश्वरम् या नव्या वसाहती आखल्या. १९०० साली व्हिक्टोरिया रुग्णालय सुरू झाले. प्लेगच्या कामात ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांना एकमेकांशी त्वरित बोलता यावे म्हणून शहरात टेलिफोनच्या तारा टाकण्यात आल्या, असे सांगतात. आज लक्षावधी लोक ज्या यंत्राने गप्पा मारतात, त्याचा तेथील आरंभ रोगाच्या वार्तेसाठी व्हावा, हे किती अर्थपूर्ण आहे! पेठ आणि छावणी यांचा कारभार एक होण्यास मात्र १९४९ साल उजाडावे लागले.

महापालिकेचे अध्यक्षपद

१९०६ साली डॉ. व्हिएगस मुंबई महानगरपालिकेचे अध्यक्ष निवडले गेले. एतद्देशीय ख्रिस्ती लोकांत हा मान मिळविणारे ते पहिलेच गृहस्थ. त्यांच्या आदल्या वर्षी या खुर्चीवर सर फिरोजशहा मेहता होते, यावरून त्या पदाचे मोल ध्यानी येईल. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन अशा सर्व समाजांचे प्रतिनिधी ज्या सभेत बसत, तिने एका अल्पसंख्य समाजातील डॉक्टराला आपला प्रमुख केले. त्यासाठी व्हिएगस यांनी आपल्या समाजापुरते काही मागितल्याचे ऐकिवात नाही. मांडवीत त्यांच्या औषधाने बऱ्या झालेल्या रोग्यांत आपल्या समाजाचे लोक थोडेच होते. सर्वांची सेवा केली म्हणून सर्वांनी मान दिला, इतका तो सरळ हिशेब होता.

पुढे प्लेग कमी झाला, तरी त्याने हिंदुस्थानात एकंदर एक कोटीहून अधिक बळी घेतले. व्हिएगस दीर्घायुषी झाले. ज्या शहराला त्यांनी आपले मानले त्याचा कायापालट त्यांनी पाहिला. १९३३ साली वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. योगायोग असा की, त्याच वर्षी नगर सुधारणा न्यास महापालिकेत विलीन झाला. प्लेगमुळे वेगळी झालेली सत्ता पस्तीस वर्षांनी पुन्हा नागरिकांच्या सभेकडे आली. मेट्रो चित्रपटगृहासमोर, धोबीतलावाच्या गजबजलेल्या चौकात, त्यांचा पुतळा उभा आहे. रोज त्याच्यापुढून हजारो माणसे घाईने जातात. त्यांच्यापैकी फारच थोड्यांना हे ठाऊक असते की, आपल्या पणजोबांनी प्लेगच्या काळात दंड उघडा केला असेल तर तो कदाचित याच गृहस्थांपुढे.

आपण काय घ्यावे?

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. वाटेत पडलेल्या जखमी माणसाच्या जखमांवर त्याने तेल व द्राक्षारस ओतला, हे आपल्या नेहमी ध्यानात राहते. त्यापुढील भाग तितकासा राहत नाही. त्याने त्या माणसाला उतारशाळेत नेले, तेथील रखवालदाराच्या स्वाधीन केले, खर्चाचे पैसे दिले आणि परत येऊन उरलेला हिशेब पुरा करण्याचे वचन दिले. त्याच्या दयेला उतारशाळेच्या व्यवस्थेची जोड मिळाली, म्हणून जखमी मनुष्य वाचला. दया एकट्याने करता येते. आरोग्य मात्र एकट्याने उभारता येत नाही. डॉ. व्हिएगस यांचे चरित्र या दाखल्याचा हा दुसरा भाग समजावून सांगते.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची वार्ता पसरली, तेव्हा लक्षावधी लोक पुन्हा एकदा शहर सोडून पळाले. शतकापूर्वीची मुंबईच जणू डोळ्यांपुढे उभी राहिली. पुढच्या वर्षी तेथे आलेल्या महापालिका आयुक्तांनी सफाई कामगारांपासून वरिष्ठ अधिकाऱ्यांपर्यंत सर्वांना रोज रस्त्यावर उतरविले आणि ते शहर देशातील स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. २०२० मध्ये देशभर जे हुकूम निघाले, त्यांपैकी अनेकांचा आधार १८९७ चाच कायदा होता. सप्टेंबर २०२५ मध्ये बंगळूरच्या महानगरपालिकेच्या जागी एका प्राधिकरणाखाली पाच महापालिका आल्या. म्हणजे हद्दी पुन्हा नव्याने आखल्या गेल्या आहेत, आणि गटार एका हद्दीतून दुसरीत वाहतच राहणार आहे.

कायदे बदलतील, मंडळांची नावे बदलतील. देवनहळ्ळीच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानातून कोणता रोग केव्हा येईल, हे कोणालाच सांगता येणार नाही. परंतु त्या दिवशी आपल्या गावात गरिबाच्या बिछान्याशी जाणारा आणि सभेत उठून खरे बोलणारा एक तरी मनुष्य असेल काय, हे मात्र आपल्या हाती आहे. पूर्वी गावात जागल्या असे. रात्री सारे निजले म्हणजे तो फिरे आणि संकट दिसताच हाक देई. मग पाटील, कुलकर्णी, महार, सुतार सारे आपापल्या कामाचे हत्यार घेऊन धावत येत. जागल्याने हाक दिली नाही तर गाव झोपेत लुटले जाई. हाक देऊनही सारे आपापल्या दारात उभे राहून हा कोणाचा वाडा असे विचारीत बसले, तरीही लुटलेच जाई.

वाचकहो, आपल्यापैकी अनेक जण परिचारिका, डॉक्टर व शिक्षक आहेत. काही जण नगरपालिकांत आणि पंचायतींत निवडूनही आले आहेत. आपल्या मंडळीच्या आवाराबाहेर जे गटार वाहते तेही आपलेच आहे, ही जाणीव या हडफड्याच्या डॉक्टराने आपल्या आयुष्याने करून दिली. पुढील वेळी धोबीतलावावरून जाणे झाले तर क्षणभर थांबून त्या पुतळ्याकडे पाहावे, आणि घरी परतल्यावर आपल्या गल्लीकडेही तितक्याच लक्षपूर्वक पाहावे.